न वाटलेलं जंगल

जून १९५३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, केशीना नावाच्या लहानशा गावी मेनॉमिनी जमातीची सभा भरली. वॉशिंग्टनहून मोठे पाहुणे आले होते. युटाचे सिनेटर आर्थर वॉटकिन्स हे मूळनिवासींच्या कारभारावरच्या सिनेट उपसमितीचे अध्यक्ष होते आणि मेनॉमिनींचं एक काम त्यांच्याकडे अडकलं होतं. सरकारने आपल्या जंगलाची नीट देखभाल केली नाही, असा दावा या जमातीने सरकारवरच लावला होता आणि १९५१ मध्ये ८५ लाख डॉलरची भरपाई मिळवली होती. पैसे जमातीचे, पण तिजोरी सरकारची. त्यातून माणशी दीड हजार डॉलर वाटायचे तर काँग्रेसची परवानगी लागणार होती. वॉटकिन्स यांनी परवानगीला अट जोडली. जमातीने सरकारशी असलेलं नातं संपवायला तयार व्हावं. तयार झाली नाही तरी ते आज ना उद्या संपणारच आहे, हेही त्यांनी सांगून ठेवलं.

सभेने मत दिलं. १६९ बाजूने, ५ विरुद्ध. जमातीची माणसं तीन हजारांच्या वर होती. ज्यांनी हात वर केले त्यांतल्या बहुतेकांची समजूत अशी की आपण पैसे वाटण्याला हो म्हणतो आहोत. खरा अर्थ उलगडल्यावर पुन्हा सभा भरली आणि या वेळी १९७ विरुद्ध ० असा कौल पडला. ही अट असेल तर आम्हाला पैसेही नकोत, असं जमातीने कळवलं. हा दुसरा कौल वॉशिंग्टनमध्ये कोणी हिशोबात धरला नाही. १७ जून १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हे नातं संपवणाऱ्या मेनॉमिनी टर्मिनेशन कायद्यावर सही केली.

देशात शेकडो मूळनिवासी जमाती असताना पहिल्या काहींमध्येच मेनॉमिनींचा नंबर का लागला? कारण त्यांचं चांगलं चाललं होतं. त्यांच्याकडे जंगल होतं, स्वतःची सॉ मिल होती, खात्यात शिल्लक होती. दवाखान्यापासून पोलिसांपर्यंतचा बराचसा खर्च ते स्वतःच्या कमाईतून भागवत. ज्या व्यवस्थेमुळे ते या स्थितीला पोचले होते, ती व्यवस्थाच आता त्यांना अनावश्यक आहे असा निष्कर्ष सरकारने काढला. ही व्यवस्था कशी उभी राहिली ते पाहायला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

मेनॉमिनींचा मूळ मुलूख मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे आखातापासून पश्चिमेकडे पसरलेला, सुमारे एक कोटी एकरांचा. नदीत स्टर्जन मासा, रानात हरीण, मेपलच्या चिकापासून काढलेली साखर आणि तळ्यांच्या उथळ पाण्यात आपोआप उगवणारा जंगली भात, यांवर त्यांचा निर्वाह चाले. हा भात कापत नाहीत. होडी त्यात घालून काठीने लोंब्या वाकवायच्या आणि हलकेच झोडपायच्या. पिकलेला दाणा होडीत पडतो, काही पाण्यात सांडतो आणि पुढच्या वर्षी उगवतो. न पिकलेला दाणा लोंबीलाच राहतो. पुढे जंगलाच्या बाबतीत या लोकांनी जे केलं, त्याची सवय त्यांच्या हाताला आधीपासून होती.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकामागून एक करार झाले आणि हा मुलूख आक्रसत गेला. १८४८ च्या करारात उरलीसुरली जमीनही लिहून घेतली गेली. मेनॉमिनींनी विस्कॉन्सिन सोडून मिनेसोटात क्रो विंग नदीकाठी जावं असं ठरलं. ओश्कॉश हा त्यांचा प्रमुख १८५० मध्ये काही सोबत्यांना घेऊन ती जागा पाहून आला. परतल्यावर त्याने दिलेलं उत्तर आजही सांगितलं जातं, की विस्कॉन्सिनमधला सगळ्यांत भिकार तुकडासुद्धा क्रो विंगपेक्षा बरा. तो वॉशिंग्टनला गेला, राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांना भेटला, मुदतवाढ मिळवली, पुन्हा मिळवली. १८५२ मध्ये जमात वुल्फ नदीच्या वरच्या अंगाला येऊन राहिली आणि १२ मे १८५४ च्या कराराने तीच जागा कायमची मिळाली. बारा टाउनशिप मिळाल्या. त्यांतल्या दोन १८५६ मध्ये पूर्वेकडून हुसकावल्या गेलेल्या स्टॉकब्रिज-मन्सी लोकांसाठी द्याव्या लागल्या. त्यांचा राखीव प्रदेश म्हणून राहिले ते सुमारे २ लाख ३५ हजार एकर, मूळ मुलखाच्या चाळीसाव्या हिश्श्याइतके. जमीन शेतीच्या कामाची नव्हती, म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांना तिची घाई नव्हती. तिच्यावर उभं असलेलं जंगल तेव्हा कोणी फारसं मोजलं नव्हतं. (ओश्कॉशच्या नावाचं गाव पुढे वुल्फ नदीच्या खालच्या अंगाला वाढलं आणि त्या गावातल्या कारखान्याचे लहान मुलांचे कपडे ‘ओश्कॉश बगॉश’ या नावाने आपल्याकडच्या अमेरिकावारीच्या बॅगांमधूनही आले आहेत. नाव कोणाचं, हे मात्र त्या कपड्यांच्या पट्टीवर लिहिलेलं नसतं.)

जंगल कसं तोडावं याबद्दल ओश्कॉशने घालून दिलेला म्हणून एक नियम मेनॉमिनी सांगतात. सूर्य उगवतो त्या बाजूने तोडायला सुरुवात करायची आणि मावळतो त्या बाजूला सरकत जायचं. घ्यायची ती पिकलेली, रोगट आणि पडलेली झाडंच. दुसऱ्या टोकाला पोचलात की उलट फिरायचं. या चालीने गेलात तर जंगल संपायचं नाही. ओश्कॉश १८५८ मध्ये वारला आणि विक्रीसाठी लाकूडतोड त्यानंतर बारा-पंधरा वर्षांनी सुरू झाली. त्यामुळे हे शब्द त्याच्या तोंडचे आहेत की नातवंडांनी आजोबांच्या नावावर ठेवलेले आहेत, यावर मी पैज लावणार नाही. त्याने फारसं बिघडतही नाही. नियम सांगणारे सगळ्याच जमातींत निघतात. इथे तो पाळायला काय काय लागलं, ते पाहण्यासारखं आहे.

आजूबाजूला तेव्हा काय चाललं होतं? उत्तर विस्कॉन्सिनमधल्या पांढऱ्या पाइनवर कुऱ्हाड पडली होती. शिकागो आणि त्याच्या पश्चिमेची गवताळ राज्यं या लाकडाने बांधली जात होती. हिवाळ्यात झाडं पाडायची, बर्फावरून ओंडके नदीकाठी ओढून आणायचे आणि वसंतात पाणी चढलं की सोडून द्यायचे. मागे राहणाऱ्या फांद्या, साली आणि शेंडे वाळून सरपण होत. ८ ऑक्टोबर १८७१ रोजी, शिकागोची प्रसिद्ध आग लागली त्याच रात्री, मेनॉमिनींच्या जुन्या मुलखातलं पेश्टिगो हे लाकूडगाव भस्म झालं. त्या वणव्यात किमान बाराशे माणसं गेली. शिकागोच्या आगीपेक्षा कितीतरी जास्त, तरी आठवण शिकागोचीच राहिली. विसावं शतक उजाडेपर्यंत राज्याच्या उत्तरेला खुंटांचा माळ झाला होता आणि कंपन्या तोच माळ शेतजमीन म्हणून नव्या स्थलांतरितांना विकत होत्या.

या सगळ्याच्या मध्यावर मेनॉमिनींचा पाइन उभा होता. लाकूड व्यापाऱ्यांच्या टोळीची नजर त्यावर होती आणि सीमेवरून चोरटी तोडही चाले. जमातीने वेगळाच विचार केला. जंगल विकायचं नाही, आपण स्वतः तोडून ओंडके विकायचे. १८७० च्या दशकात सरकारी एजंटच्या देखरेखीखाली मेनॉमिनींचे स्वतःचे तोडणीचे तळ पडू लागले.

आड आला तो कायदा. शेजारच्याच ओनायडा जमातीच्या जंगलातून निघालेल्या ओंडक्यांवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७३ च्या सत्रात निकाल लागला. मूळनिवासींना जमिनीवर राहण्याचा हक्क आहे, मालकी अमेरिकेची. शेतीसाठी जमीन साफ करताना पडलेलं झाड ते विकू शकतात, पण नुसतं विकण्यासाठी तोडलेलं झाड सरकारचं. म्हणजे जंगल मोडून शेत केलं तर लाकूड तुमचं, आणि जंगल राखून थोडं लाकूड काढलं तर तुम्ही चोर. पुढची पंधरा-वीस वर्षं मेनॉमिनी या पेचातून वाट काढत राहिले. १८८२ मध्ये मेलेली आणि पडलेली झाडं विकायची मुभा मिळाली. मग पडलेलं झाड आपोआप पडलं की पाडलं, यावर वाद झाले. अखेर १८९० च्या कायद्याने हिरवं झाड तोडायलाही परवानगी मिळाली, वर्षाला २ कोटी बोर्ड फुटांपर्यंत. (एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट.) हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरला.

त्याच काळात याहून मोठं संकट दारात येऊन उभं होतं. १८८७ च्या डॉज कायद्याने सरकारने ठरवलं की जमातींच्या सामाईक जमिनीचे तुकडे पाडून ते एकेका कुटुंबाच्या नावे करायचे. खासगी मालकी आली की माणूस सुधारतो, असा त्यामागचा सिद्धांत होता. तो मांडणाऱ्यांत सद्भावनेने बोलणारेही पुष्कळ होते. ओनायडांनी वाटणी स्वीकारली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत करापायी, कर्जापायी आणि फसवणुकीपायी त्यांच्या ६५ हजार एकरांतली जवळपास सगळी जमीन हातून गेली. मेनॉमिनींनी वाटणीला नकार दिला. पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. माझ्या मते त्यांच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा आर्थिक निर्णय आहे. पाइनचं झाड पिकायला माणसाचं अख्खं आयुष्य पुरत नाही. तीस एकरांचा मालक तेवढं थांबू शकत नाही, त्याचं मूल आजारी पडतं, त्याच्या घराचं छप्पर गळतं. सव्वादोन लाख एकरांचा एकच मालक असेल, तर यंदा या बाजूचं आणि पुढल्या वर्षी त्या बाजूचं घेत तो पुन्हा पहिल्या जागी यायला वेळ लावू शकतो. ओश्कॉशचा नियम पाळता येण्याची पहिली अट ही, की जंगलाला आतून कुंपणं नसावीत.

१९०५ च्या उन्हाळ्यात मोठं वादळ झालं आणि राखीव प्रदेशाच्या पश्चिम भागात कोट्यवधी बोर्ड फूट लाकूड आडवं झालं. पडलेलं लाकूड सडायच्या आत काढायला हवं. त्या धांदलीत १९०६ मध्ये एक कायदा झाला, तो फसला, आणि त्यातून १९०८ चा कायदा आला. विस्कॉन्सिनचे सिनेटर रॉबर्ट ला फॉलेट यांनी तो पुढे नेला. लाकूड बाहेरच्या ठेकेदारांना न देता राखीव प्रदेशातच सॉ मिल उभारायची, कामावर शक्यतो मेनॉमिनींनाच घ्यायचं, वनखात्याने खूण केलेली पिकलेली, मेलेली आणि पडलेलीच झाडं घ्यायची आणि वर्षाला २ कोटी बोर्ड फुटांच्या वर जायचं नाही, असं त्यात होतं. वॉशिंग्टनच्या कायद्याच्या कलमांत मेनॉमिनींचा तोंडी नियम जवळजवळ जसाच्या तसा उतरला, ही अमेरिकेच्या वनखात्याच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे. मिल ज्या गावात उभी राहिली त्या गावाला ओश्कॉशच्या मुलाचं, नीओपिटचं नाव मिळालं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. मिल चालवणारे सरकारी अधिकारी गोरे होते आणि त्यांना जमाखर्चाची पानं भरलेली हवी होती. पहिल्या दशकांत काही पट्ट्यांत कायदा धाब्यावर बसवून सरसकट तोड झाली. पडलेलं लाकूड वेळेत न काढल्याने वाया गेलं. मेनॉमिनींनी त्याचा हिशोब ठेवला, काँग्रेसकडून दावा लावायची परवानगी मिळवली आणि भांडत राहिले. सुरुवातीला सांगितलेली ८५ लाखांची भरपाई ती हीच. जंगल तोडल्याबद्दल सरकारने आदिवासींना दंड केल्याची उदाहरणं पुष्कळ सापडतील. जंगल जास्त तोडलं म्हणून आदिवासींनी सरकारकडून दंड वसूल केला, याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

मिलबद्दल आणखी एक सांगायला हवं. ती नफ्यासाठी आहे असं गावात कोणी मानत नव्हतं. ती कामासाठी होती. चार माणसांचं काम सहा जणांत वाटून घेतलं जाई. मासेमारीच्या किंवा भाताच्या दिवसांत माणसं गैरहजर राहत आणि परत आली की त्यांना कामावर घेतलं जाई. घरासाठी जागा जमातीची, लाकूड स्वस्तात, नदीत मासा, रानात हरीण. पगार थोडा होता, पण लागणाऱ्या पुष्कळ गोष्टी पगारातून विकत घ्याव्या लागत नव्हत्या. कागदावरच्या उत्पन्नापेक्षा माणूस इथे बऱ्या स्थितीत होता, आणि नेमका हाच भाग कोणत्याही ताळेबंदात दिसत नव्हता.

१९५४ चा टर्मिनेशन कायदा अखेर अमलात आला आणि १ मे १९६१ पासून मेनॉमिनी जमात कायद्याच्या दृष्टीने राहिली नाही. राखीव प्रदेशाचा विस्कॉन्सिनचा ७२वा परगणा झाला, मेनॉमिनी काउंटी, आणि जन्मतःच तो राज्यातला सर्वांत गरीब परगणा होता. जंगल आणि मिल ‘मेनॉमिनी एंटरप्रायझेस’ नावाच्या कंपनीकडे गेली. १९५४ मध्ये यादी बंद झाली तेव्हा तिच्यात ३,२७० नावं होती. त्या प्रत्येकाला शंभर शेअर आणि तीन हजार डॉलरचा रोखा मिळाला. १९५४ नंतर जन्मलेलं मूल कागदोपत्री मेनॉमिनी नव्हतं. शेअरवरचं मत थेट शेअरधारकाचं नव्हतं, ते एका विश्वस्त मंडळाकडे होतं. अज्ञान मुलांची आणि ‘अक्षम’ ठरवलेल्यांची मतं मिलवॉकीच्या एका ट्रस्ट कंपनीच्या हातात होती. तीच एकगठ्ठा पडत आणि निकाल ठरवत.

जंगल एका गोष्टीमुळे वाचलं. हस्तांतराच्या अटींत वाढीपेक्षा जास्त तोड करायची नाही असं बंधन होतं. माणसांसाठी असं बंधन कोणी घातलं नव्हतं. राज्याच्या नियमांत बसत नाही म्हणून केशीनाचा दवाखाना बंद झाला. ज्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या घर होतं ती जागा आता कंपनीकडून विकत घ्यायची होती. पुष्कळांनी त्यासाठी रोखा दिला. सरकारी मदत हवी तर रोखा ही मालमत्ता ठरे, म्हणून तो आधी राज्याच्या ताब्यात द्यावा लागे. मिलला कार्यक्षम करायचं म्हणून माणसं कमी केली गेली. परगण्यात कर भरण्याजोगा धंदा एकच, मिल. मग शाळा, रस्ते, पोलीस सगळ्याचा भार मिलवर. मिलचे कामगार तेच, भागधारक तेच, करदाते तेच. एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकायचं, आणि प्रत्येक वेळी मधे थोडं सांडायचं. दहा वर्षांपूर्वीची शिल्लक कधीच संपली होती.

१९६७-६८ च्या सुमारास कंपनीच्या संचालकांनी उपाय काढला. राखीव प्रदेशाच्या आग्नेय भागात नऊ नैसर्गिक तळी होती. एका बांधकाम व्यावसायिकाशी भागीदारी करून बंधारे घातले आणि नवाचं एक तळं केलं. त्याच्या काठचे पाच हजार एकर प्लॉट पाडून विकायला काढले. तळ्याला नावही झकास दिलं, लेजंड लेक, दंतकथांचं तळं. शिकागो-मिलवॉकीचे हौशी लोक सुट्टीतल्या घरांसाठी प्लॉट घेऊ लागले. संचालकांची अडचण खोटी नव्हती. कर भरणारी माणसं हवी होती आणि ती बाहेरूनच येणार होती. पण डॉज कायद्याच्या काळापासून थोपवून धरलेली वाटणी शेवटी कंपनीच्या दारातून आत आली, हेही तितकंच खरं.

हे कोणी थांबवलं? आधी शहरात गेलेल्या मेनॉमिनींनी. टर्मिनेशननंतर कामासाठी पुष्कळ जण मिलवॉकी आणि शिकागोला पांगले होते. १९७० मध्ये तिथे बैठका झाल्या आणि ‘ड्रम्स’ ही संघटना उभी राहिली. इंग्रजी आद्याक्षरांनी केलेलं हे नाव, आणि ढोल तर जमातीच्या प्रत्येक समारंभात असतोच. संघटनेने लेजंड लेकच्या विक्री कार्यालयासमोर निदर्शनं केली. प्लॉट पाहायला आलेल्या गिऱ्हाइकांना गाठून ही जमीन कशी विकली जाते आहे ते सांगितलं. एका वकिलाच्या मदतीने कोर्टात खटले घातले. १९७१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर केशीनापासून राज्याची राजधानी मॅडिसनपर्यंत पायी मोर्चा काढला. दीडशे मैलांहून जास्त अंतर.

एडा डिअर यांचं नाव इथून पुढे येतं. त्यांचा जन्म १९३५ चा, वीज आणि नळ नसलेल्या ओंडक्यांच्या घरात. वडील मेनॉमिनी, मिलमध्ये कामाला. आई फिलाडेल्फियाची गोरी नर्स. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसनमधल्या त्या पहिल्या मेनॉमिनी पदवीधर आणि पुढे कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली. कायद्याचं शिक्षण अर्धवट टाकून त्या या लढ्यात उतरल्या. वॉशिंग्टनमध्ये खासदारांची दारं एकेक करून ठोठावली. वारं थोडं अनुकूल होतं. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की टर्मिनेशनमुळे मेनॉमिनींचे शिकारीचे आणि मासेमारीचे करारातले हक्क गेलेले नाहीत. जमात नाही म्हणायचं, पण तिचे हक्क आहेत म्हणायचं, हा घोळ फार दिवस टिकणारा नव्हता. शिवाय १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी टर्मिनेशनचं धोरण जाहीरपणे चुकीचं ठरवलं होतं. प्रतिनिधिगृहात विधेयकाला विरोध करणारे अवघे तीन निघाले. २२ डिसेंबर १९७३ रोजी निक्सन यांनी मेनॉमिनी पुनःस्थापना कायद्यावर सही केली. वॉटरगेटच्या गदारोळातली ही सही इतिहासाच्या पुस्तकांत तळटीपेतही क्वचित सापडते. १९७५ मध्ये जमीन पुन्हा सरकारच्या विश्वस्तपणाखाली, जमातीच्या नावे, एकत्र झाली. एडा डिअर जमातीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि १९९३ मध्ये देशाच्या मूळनिवासी खात्याच्या प्रमुखपदी बसणाऱ्या पहिल्या महिलाही त्याच. २०२३ मध्ये त्या गेल्या.

पुनःस्थापनेनंतर वाद मिटले नाहीत. १९७५ च्या जानेवारीत जमातीतल्याच एका तरुण गटाने जवळच्या एका ख्रिस्ती मठाची रिकामी इमारत महिनाभर ताब्यात ठेवली. डिअर अध्यक्ष असलेल्या जमातीच्या समितीला ते पटलं नव्हतं. पण जंगलाचा कारभार नव्या पायावर बसला. ‘मेनॉमिनी ट्रायबल एंटरप्रायझेस’ ही संस्था जंगल आणि मिल दोन्ही पाहते. तिचं बारा जणांचं संचालक मंडळ जमातीचे मतदार निवडतात, शेअर मोजून नव्हे, माणसं मोजून.

काम चालतं ते असं. जंगलाचे शंभराहून अधिक कक्ष केले आहेत. त्यांत शेकडो कायमचे मोजणी-पट्टे आखलेले आहेत. १९६३ पासून दर काही वर्षांनी त्याच पट्ट्यांतली तीच झाडं पुन्हा मोजतात. बुंध्याचा घेर किती वाढला, कोणतं मेलं, कोणतं नवं आलं. त्यावरून वर्षाला किती तोड सोसेल तो आकडा निघतो. साधारण पंधरा वर्षांनी तोडणी त्याच कक्षात परत येते. कोणतं झाड जायचं ते वनकर्मी रंगाची खूण करून ठरवतात, तोडणारा नाही आणि मिलचा व्यवस्थापक तर नाहीच. बाजारात मेपलला भाव आला म्हणून मेपल जास्त तोडला जात नाही. जंगल देईल ते लाकूड मिलने घ्यायचं आणि त्याला गिऱ्हाईक शोधायचं. धंद्याच्या शाळेत हे उलटं शिकवतात. अर्थात निवडून तोडणं हा त्यांचा सोवळेपणा नाही. अॅस्पेनसारखी उन्हाशिवाय न उगवणारी जात असेल तिथे ते लहान पट्टा मोकळाही करतात. पांढऱ्या पाइनसाठी वरची काही जुनी झाडं सावलीपुरती ठेवून खालची जमीन उघडतात. आजोबांच्या नियमाला वनशास्त्राची जोड द्यायला त्यांना संकोच वाटलेला नाही.

परिणाम आकड्यांत सांगता येतो. १८५४ मध्ये या जंगलात सुमारे १३० कोटी बोर्ड फूट लाकूड उभं असावं असा अंदाज आहे. त्यानंतर २०० कोटींहून जास्त तोडून झालं. आज उभं असलेलं लाकूड १७० कोटींच्या आसपास आहे. उपग्रहाच्या छायाचित्रात राखीव प्रदेशाची सीमा हिरव्या रेघेने आखल्यासारखी दिसते, बाहेर शेतांचे चौकोन आणि आत जंगल. १९९० च्या दशकात शाश्वत वनव्यवस्थापनाची प्रमाणपत्रं देण्याची पद्धत जगभर सुरू झाली, तेव्हा ती मिळवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या जंगलांत हे होतं. १९९३ मध्ये जमातीने स्वतःचं कॉलेज काढलं आणि शाश्वत विकासाची संस्थाही. आपण काय केलं हे इतरांना शिकवण्याची त्यांना तोवर गरज वाटली नव्हती.

पैशाचं काय? इथे मेनॉमिनींच्या कौतुकाचे लेख सहसा थांबतात. मेनॉमिनी काउंटी आजही विस्कॉन्सिनमधल्या सर्वांत गरीब परगण्यांपैकी एक आहे. १९८०च्या दशकात सुरू झालेला कॅसिनो आता मिलच्या जोडीचा रोजगार देतो. मिलची यंत्रं जुनी आहेत. अलीकडच्या वर्षांत जंगलात झाडं तोडणारे हातच कमी पडतात. जेवढी तोड सोसेल तेवढीही होत नाही, आणि पिकलेलं झाड वेळेत न काढणं हेही नियमाला धरून नाही. तरुणांना शहरात बरा पगार मिळतो. संस्कृतीच्या आधाराने केलेला विकास माणसाला श्रीमंत करतो असा दावा मेनॉमिनींच्या उदाहरणावरून करता येणार नाही. त्यांनी तसा दावा केलेलाही नाही. गरीब राहूनही जे विकायचं नाही असं त्यांनी ठरवलं ते त्यांच्याकडे शिल्लक आहे, आणि शेजारच्या ज्या परगण्यांनी शंभर वर्षांपूर्वी सगळं विकलं ते काही त्या पैशावर श्रीमंत राहिलेले नाहीत.

नदीचीही थोडी परतफेड झाली आहे. खालच्या अंगाला बांधलेल्या धरणांमुळे स्टर्जन मासा शतकभर केशीनाच्या धबधब्यापर्यंत पोचत नव्हता. १९९० च्या दशकापासून तो पुन्हा आणून सोडला जातो आणि वसंतात त्याच्या नावाने जमातीची जेवणावळ होते. वुल्फ नदीच्या उगमाजवळ जस्त-तांब्याची खाण काढण्याचा बेत होता. खाणीचं पाणी नदीत उतरलं असतं. त्याविरुद्ध अनेक जमाती आणि गोरे मच्छीमार वर्षानुवर्षं एकत्र लढले. अखेर २००३ मध्ये दोन शेजारी जमातींनी ती खाणीची जागाच १ कोटी ६५ लाख डॉलरला विकत घेऊन टाकली.

लेजंड लेकचे विकलेले प्लॉट मात्र पुनःस्थापना कायद्याने परत आले नाहीत, कारण ते खासगी मालकांच्या नावे झाले होते. तिथल्या प्लॉटधारकांच्या संघटनेने जमीन जमातीच्या विश्वस्तखात्यात जाऊन करातून सुटू नये म्हणून बंधनं घातली आणि त्यावरून कोर्टकज्जे झाले. तरीही कोणी विकायला काढला की मेनॉमिनी आपलाच प्लॉट बाजारभावाने विकत घेतात. एकेक करून. अजून सगळे झालेले नाहीत.